पाठीला पाठ

त्या रविवारच्या चहाबद्दल मी चौघींकडून चार वेळा ऐकलंय, आणि चारही वेळा निराळं. केक गाजराचा होता, एवढ्यावर त्यांचं एकमत. बाकी कोण कुठे बसलं होतं, आधी कोण उठलं, शेवटी कोण काय म्हणालं, सगळा घोळ. आमच्या हॅलिवेल घराण्यात कोणी एखादी गोष्ट सरळ सांगितली तर शपथ. म्हणून मलाच जमेल तसं जुळवून सांगावं लागतंय. अल्मा माझी आई आणि मार्था माझी आजी. पण इथे मी सगळ्यांना नावानेच म्हणणार आहे, नाहीतर कोण कोणाची आई यातच तुमची दुपार जाईल.

फेब्रुवारी एकोणीसशे बेचाळीस, महायुद्ध चालू. मार्थाला त्या दिवशी साठ वर्षं पुरी झाली होती. पाचच दिवसांपूर्वी तिच्या धाकट्या मुलीला, हिल्डाला, सरकारचा कागद आला होता: गुरुवारी सकाळच्या गाडीनं मिडलंड्सला निघायचं, विमानाच्या कारखान्यात कामाला. त्या वर्षी सरकारनं बायकांचे दोनच प्रकार केले होते, हलवता येण्याजोग्या आणि न हलवता येण्याजोग्या. जिच्या गळ्यात संसार किंवा घरात दुखणाईत माणूस, ती जागेवर राहायची. जी सुटी, तिला उचलून कुठेही टाकायचे. हिल्डा सत्तावीस वर्षांची, बिनलग्नाची, म्हणजे सुटीच.

"मला हलवून दाखवा म्हणावं," क्लारा म्हणाली. क्लारा ही मार्थाची धाकटी बहीण, शेजारच्याच घरात राहणारी. "वीस वर्षांत कोणाच्या बापाला जमलं नाही."

ती आणि अल्मा मागच्या मोरीत उभ्या होत्या. क्लारानं लढाईच्या आधीपासून जपलेला पीच फळांचा डबा आणला होता आणि तो उघडायला तिचा हात धजत नव्हता.

"पत्र आणलंस?" तिनं हळूच विचारलं.

"आणलंय." अल्मानं पर्सवर हात ठेवला. "आईची सही झाली की उद्या कचेरी उघडायच्या आत दारात उभी राहते."

"हिल्डाला सांगितलंस?"

"तिला आधी कशाला? एकदम सांगू. नाचेल बघ. वाढदिवस आईचा आणि भेट तिला."

"मार्था करेल सही?"

"का नाही करणार? मी काय खोटं लिहिलंय?"

खोटं नव्हतंच. आईला बिलकुल ऐकू येत नाही, ती एकटी राहू शकत नाही, धाकट्या मुलीवाचून तिचं चालणार नाही, असं अल्मानं लिहिलं होतं. चाळीस वर्षं मागाच्या खडखडाटात काढल्यावर मार्थाचे कान कामातून गेले होते. विमानं आल्याचा भोंगा वाजला तरी ती आपली गाढ झोपलेली. हिल्डा घरी असली की तिला उठवून तळघरात न्यायची. हिल्डाची उशिराची पाळी असली की मार्थाच्या मनगटाला दोरी बांधून ती खिडकीतून क्लाराच्या खिडकीत सोडायचे. भोंगा झाला की क्लारानं ओढायची. जानेवारीत एकदा भोंगा झाला आणि क्लाराच झोपून राहिली. सकाळी मार्था दूध घ्यायला दारात आली तेव्हा तिला कळलं, अख्खी गल्ली रात्रभर तळघरात होती आणि आपण गादीवर. ती हसली. अल्मा मात्र त्या दिवसापासून धड झोपली नव्हती. तिचा नवरा फ्रँक आफ्रिकेत, दोन पोरं पदरात, दिवसभर गिरणी. त्यात आईची रात्र अशी टांगलेली. तिला बहीण घरात हवी होती, आणि नुसती आईसाठीच हवी होती असंही नाही.

तेवढ्यात पुढचं दार वाजलं. हिल्डा आली, आणि तिच्यासोबत रूबी.

रूबी लंडनची. तिचं घर बॉम्बनं गेलं, म्हणून ती इकडे दारूगोळ्याच्या कारखान्यात आली होती. हिल्डाच्या शेजारच्या यंत्रावर होती. उशिराच्या पाळीनंतर बस नसायची, तेव्हा हिल्डा रूबीच्या भाड्याच्या खोलीवर राहायची, आठवड्यातून तीन रात्री. एवढं घरी ठाऊक होतं. "मैत्रीण आहे" म्हणून सांगितलेलं होतं, आणि त्यात कोणाला काही विचारण्यासारखं वाटलं नव्हतं.

जे ठाऊक नव्हतं ते असं, की दोघी मिळून कामगार कचेरीत गेल्या होत्या. रूबीला बाहेरगावचा कागद येणार हे नक्की झाल्यावर हिल्डानं तिथल्या बाईला स्वतः सांगितलं होतं, मलाही हिच्याचबरोबर पाठवा. आणि आज चहाला ते घरी सांगायचं, असं तिनं रूबीला वचन दिलं होतं.

"सांगणार ना?" आत शिरण्याआधी पायरीवर रूबीनं विचारलं होतं.

"सांगते गं. आधी केक तरी खाऊ दे त्यांना."

"केक खाल्ल्यावर म्हणशील, चहा होऊ दे."

"बरं बाई, चहाच्या आधी सांगते."

चहा झाला. हिल्डानं सांगितलं नाही. मार्था टेबलाच्या टोकाला, तिच्या डाव्या हाताला क्लारा, उजव्या हाताला अल्मा. खिडकीकडे पाठ करून हिल्डा आणि तिच्या बरोब्बर समोर रूबी. ही मांडणी हिल्डाच्या सांगण्यातली. रूबी म्हणायची, मी दाराशी होते. काहीही असो, दोघींना एकमेकींचे चेहरे दिसत होते, आणि मार्थाला सगळ्यांचे.

"तू फार वाळकी आहेस पोरी," मार्था रूबीला म्हणाली. बहिऱ्या माणसाचा आवाज, पार गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. "लंडनला जेवायला घालत नाहीत का?"

"घालतात! पण! इथल्यासारखं! नाही!" रूबी बेंबीच्या देठापासून ओरडली.

"मग घे अजून. क्लारा, त्या फळांवर काय अंडी उबवत बसलीयस? वाढ तिला."

रूबीला वाटलं, आपण एवढं ओरडलो म्हणून म्हातारीला कळलं.

इथे मला जरा थांबून सांगितलं पाहिजे, कारण पुढचा सगळा गोंधळ यावर आहे. आमच्या गावात गिरणीच्या एका शेडमध्ये चारशे माग चालायचे. तिथे कोणाला कोणाचा आवाज ऐकू येणार! बायका ओठांनी बोलायच्या, आवाज न काढता, ओठ चांगले फाकवून. बाळंतपणं, भांडणं, कोणाचं कोणाशी जुळलं, सगळं असं चार मागांपलीकडून चालायचं. पोरी दहा-बारा वर्षांच्या झाल्या की आपोआप शिकायच्या. मार्था शिकली, क्लारा शिकली, अल्मा अजूनही तेच करत होती. हिल्डाही दारूगोळ्याकडे जायच्या आधी आठ वर्षं मागावरच होती.

कारखान्यात त्यांच्या खात्यात विणकरीण अशी एकटी हिल्डाच. बाकी सगळे पुरुष, आणि कुठून कुठून आलेल्या मुली. तिथल्या आवाजात तिनं रूबीला ओठांचं बोलणं शिकवलं. रूबीनं विचारलं, हे काय आहे? तर हिल्डा हसून म्हणाली, ही आपली भाषा. दोघींचीच. चेष्टेत म्हणाली, आणि मग तो गैरसमज दूर करायचं तिच्या जिवावर आलं. रूबीला ते इतकं आवडलं होतं की सांगवेना.

म्हणून रूबीचा हिशेब असा, की हिल्डाची आई ठार बहिरी आणि बाकीच्यांना हे बोलणं येतच नाही. म्हणजे या टेबलावर आपण काहीही बोललो तरी चालेल.

अल्मानं चमचा कपावर वाजवला. "आईच्या साठीची एक भेट राहिलीय." तिनं पर्समधून पत्र काढलं. "हिल्डा, रडू नकोस हं."

पत्र मार्थानं चष्मा लावून वाचलं. हिल्डानं तिच्या खांद्यावरून वाचलं. रूबीला कोणी दाखवलं नाही, पण अल्मानं मोठ्यानं सगळं सांगितलं: आईची सही झाली की हिल्डा न हलवता येण्याजोगी, गुरुवारची गाडी रद्द, नाव यादीतून बाद.

"झालं की नाही काम?" अल्माचा चेहरा फुलला होता. "बोल की गं. वाचा गेली का?"

हिल्डा खुर्चीत येऊन बसली आणि केकचा तुकडा बोटांनी कुस्करत राहिली. आईकडे बघावं तर दोरी आठवत होती, रूबीकडे बघावं तर वचन. तिनं मला सांगितलं होतं, "त्या वेळी मला कोणी विचारलं असतं की तुझं नाव काय, तर तेही सांगता आलं नसतं."

आणि रूबीनं समोरून, एक अक्षर न उच्चारता, ओठ चांगले फाकवून म्हटलं:

"सांग ना त्यांना. आपण दोघींनी मिळून मागितलं म्हणून सांग. मी एकटी नाही जाऊ शकत, हिल्डा. तुझी पाठ माझ्या पाठीला लागल्याशिवाय मला झोप लागत नाही."

क्लाराच्या चमच्यातला पीच परत वाटीत पडला. अल्माच्या हातातली किटली तशीच राहिली. मार्थानं चष्मा काढला.

रूबीनं या तिघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "काय झालं?"

"तू मागितलंस?" अल्मा हिल्डाकडे वळली. "तू स्वतः जाऊन मागितलंस? मी इकडे कचेरीच्या पायऱ्या झिजवतेय आणि तू तिकडे हात जोडून मागितलंस, मला इथून न्या म्हणून?"

"पण मी तर काहीच बोलले नाही!" रूबीचा चेहरा पांढराफटक पडला.

"पोरी," क्लारा जड आवाजात म्हणाली, "या टेबलाशी बसलेल्या आम्ही चौघींनी मिळून शंभर वर्षं मागावर काढलीयत."

रूबीला कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आता झाकून काय उपयोग होता!

हिल्डा उठून मोरीत गेली. अल्मा तिच्या पाठोपाठ.

"दार लाव," हिल्डा म्हणाली.

"लावते. आता सांग. काय आहे हे?"

"तिच्या ओठांवर वाचलंस ना सगळं."

"वाचलं म्हणूनच विचारतेय. आईला टाकून चाललीस, बरं. मला टाकून चाललीस, तेही बरं. पण ते पाठीचं काय?"

"खोलीत शेगडी नाही. थंडी असते."

"हिल्डा, मी मूर्ख नाही."

हिल्डा नळाखाली हात धूत राहिली. हात स्वच्छच होते. "मला नाही माहीत गं काय आहे. खरंच नाही माहीत. ती खोलीत आली की मला बरं वाटतं. गेली की वाटतं, कोणी दिवाच नेला. याला काय म्हणतात ते मला कोणी शिकवलं नाही."

"मैत्रिणी असं नाही बोलत."

"मग कोण बोलतं? तू फ्रँकशी बोलतेस असं?"

अल्मा फ्रँकला दर आठवड्याला पत्र लिहायची. कोळसा महागला, थोरल्याला खोकला झालाय, तुझी सायकल गंजू नये म्हणून तेल दिलंय. फ्रँकही लिहायचा, मी बरा आहे, इथे वाळू फार. ती त्याच्यासाठी रोज प्रार्थना करायची, पोस्टमन दिसला की तिचं काळीज लटकन हलायचं. पण पाठीला पाठ लागल्याशिवाय झोप येत नाही, असं लग्नाच्या नऊ वर्षांत तिनं त्याला म्हटलं नव्हतं. तिला ते म्हणायचं होतं की नाही, हेही तिला त्या मोरीत उभं राहून ठरवता येईना.

"नाही," ती म्हणाली. "नाही बोलत."

हिल्डाला वाटलं होतं ती चिडेल. ती चिडली नाही, तिनं नळ बंद केला. "पाणी वाया घालवू नकोस," म्हणाली, आणि मग एकदम तिला रडू फुटलं, म्हणून हिल्डालाही फुटलं, आणि दोघीही नेमक्या कशासाठी रडत होत्या ते दोघींनाही सांगता आलं नाही. पुढेही कधी आलं नाही. मी विचारून पाहिलंय.

इकडे टेबलाशी रूबी उठून उभी राहिली होती.

"मी जाते, मिसेस हॅलिवेल. माझं चुकलं. मला माहीत नव्हतं."

"बस खाली," मार्था म्हणाली. आणि मग तिनं आवाज सोडून दिला. नुसत्या ओठांनी, अगदी सावकाश, परक्या मुलीला कळेल असं विचारलं, "भिंतीकडच्या बाजूला कोण झोपतं?"

रूबीनं क्लाराकडे पाहिलं. क्लारानं छताकडे पाहिलं.

"ती," रूबीच्या ओठांनी उत्तर दिलं.

"बरं करतेस. लहानपणापासून पलंगावरून पडायची सवय आहे तिला."

"मार्था," क्लारानं तिची बाही ओढली, "तू काय विचारतेयस ते तुला कळतंय का?"

"सगळं नाही कळत," मार्था पुन्हा मोठ्यानं म्हणाली. "तुला कळतंय?"

"मला तर काहीच कळेनासं झालंय."

"मग खा ते पीच. एवढे जपलेस ते."

माझ्या आजीला त्या दिवशी नक्की काय उमगलं, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही. क्लारा म्हणायची, तिला काही म्हणजे काही कळलं नाही, ती नुसती अंथरुणाचा विचार करत होती. रूबी म्हणायची, त्या बाईला पहिल्या भेटीतच सगळं कळलं होतं. दोघीही शपथेवर सांगायच्या.

अल्मा आणि हिल्डा परत आल्या. डोळे लाल. अल्मानं कपाटातून दौत-टाक काढला, पत्र मार्थासमोर सरकवलं, आणि तिच्याकडे तोंड करून म्हणाली, "आई, जे काय आहे ते आहे. पण भोंगा काही त्यासाठी थांबत नाही. सही कर."

"मी सही केली तर मी कोण ठरते? वाच बघू ते पुन्हा."

"आई, ते नुसतं सरकारी लिहिणं असतं."

"एकटी राहू न शकणारी बाई. मुलीवाचून जिचं चालत नाही अशी बाई. चाळीस वर्षं चार-चार माग एकटीनं चालवले मी. तुमचा बाप गेल्यावर तुम्हाला वाढवलं. आणि साठाव्या वाढदिवसाला हे स्वतःच्या हातानं लिहून देऊ?"

"अभिमानानं बॉम्ब अडत नाही!"

"दोरी आहे."

"क्लारामावशी झोपते!"

"एकदा झोपले!" क्लारा उसळली. "एकदा! जन्मभर ऐकवा आता. बरं, मी इथेच येते झोपायला. मार्थाच्या पलंगावर. लहानपणी झोपतच होतो की आम्ही."

"तू घोरतेस," मार्था म्हणाली.

"तुला कुठे ऐकू येतंय!"

हिल्डाला त्या रडण्यातही हसू आलं. अल्माला नाही आलं. "म्हणजे दोघी मिळून झोपून राहाल," ती म्हणाली. "आणि सकाळी मी येऊन काय बघायचं?"

अल्माचं बरोबरच होतं. ते मार्थालाही कळत होतं, कारण ती बराच वेळ टाकाकडे बघत राहिली. रूबीला ते सहन होईना. ती बाहेर बोळात गेली आणि खुंटीवरून आपला कोट काढून घालू लागली. तिला पुढे काय होणार ते दिसत होतं.

मार्थानं पत्राची घडी घातली आणि अल्माच्या हातात दिली. सही न करताच.

"घाबरत नाही असं नाही मी," ती म्हणाली. या वेळी तिचा आवाज लहान झाला होता, बहिऱ्या माणसाचा होत नाही इतका. "पण मला कोणाच्या गळ्यात बांधलेलं व्हायचं नाही. उद्या तू माझ्या पलंगाशी बसशील हिल्डा, आणि माझ्याकडे बघताना तुला ती गाडी दिसेल. ते मला नाही बघवायचं. तू जा. झालं माझं बोलून."

आणि तिनं डोळे मिटून घेतले.

आमच्या घरात याच्यापुढे बोलणं संपायचं. मार्थानं डोळे मिटले की तिला कोणी काही सांगू शकत नसे. विनवा, ओरडा, पायांवर डोकं ठेवा. ती खुर्चीत मागे टेकून बसली होती, हात मांडीवर, पापण्या घट्ट.

हिल्डा तिच्या खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली. तिच्या मनातलं सगळं त्या क्षणी उलटं झालं, असं ती सांगायची. जोवर अडवत होते तोवर तिला जायचं होतं. आता कोणी अडवत नव्हतं, आणि समोर ते मिटलेले डोळे आणि ते लहानसं मनगट.

"आई," ती म्हणाली. मोठ्यानं, स्पष्ट. "आई, मी नाही जात."

मार्थाच्या पापण्या हलल्या नाहीत. क्लारानं वाटीत मान घातली.

"नाही जात मी," हिल्डा पुन्हा म्हणाली.

बोळातून रूबीचा आवाज आला. "काय? काय म्हणाली ती?"

हिल्डानं मान वर करून बहिणीकडे पाहिलं. अल्मा पत्र हातात घेऊन उभी होती. पाच दिवस तिला जे हवं होतं ते आत्ता या खोलीत मोठ्यानं, दोनदा बोललं गेलं होतं. आईनं ते पाहिलं नव्हतं आणि रूबीला ते नीट ऐकू गेलं नव्हतं. ऐकणारी म्हणाल तर ती आणि क्लारा. अल्मानं ते रूबीला नुसतं एकदा पुन्हा म्हणून दाखवायचं होतं.

"काही नाही," अल्मानं बोळाकडे तोंड करून सांगितलं. "तिचा कोट कुठे आहे म्हणून विचारतेय. खालच्या खुंटीवर बघ, आणि आण इकडे."